‘एनेबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: परळच्या एका वर्गासाठी लिनक्सच्या मराठी टिपणांत ‘स्टार्ट’ला ‘प्रारंभ करा’ आणि ‘एनेबल’ला ‘सक्षम करा’ लिहिलं, तर मुलं दोन्हींत गोंधळतात. दुसरा शब्द आहे का?

आहे, आणि तो मुंबईतल्या घराघरात रोज वापरला जातो: लावणे. आपण पेपर लावतो, दूध लावतो, डबा लावतो. पेपर लावला म्हणून तो त्या क्षणी हातात पडत नाही, उद्या सकाळपासून न सांगता दारात येतो. सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये मशीन चालू होताना कार्यक्रम उठवणारी आणि सांभाळणारी व्यवस्था. तिच्यातली एनेबल ही आज्ञा नेमकं हेच करते. आपली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल, त्या वेळी चालत नाही. कुठल्या टप्प्यावर उठवायची याची फक्त नोंद होते, बहुधा ‘मल्टी-युजर डॉट टार्गेट डॉट वॉन्ट्स’ या फोल्डरात एका सिमलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या, रूपात. मशीन पुढच्या वेळी चालू झालं की ती आपोआप धावते. ‘सक्षम’ने यातलं काहीच कळत नाही. स्क्रिप्ट आधी दुबळी होती की काय?

एक अडचण मात्र आहे. ‘पंखा लाव’, ‘टीव्ही लाव’ म्हणजे आत्ताच्या आत्ता. म्हणून नुसतं ‘लावणे’ नको, ‘लावून ठेवणे’ लिहा. गजर लावून ठेवतो तसं. स्टार्टला सरळ ‘चालू करणे’. दोन्ही एकदम हवं तर एनेबलपुढे ‘नाऊ’चा पर्याय असतोच: लावून ठेव आणि आत्ताही चालू कर.

खरी पंचाईत उलट बाजूला होते. ‘दूध बंद केलं’ म्हणजे आजचं परत पाठवलं की कायमचं सोडलं? मी स्टॉपला ‘थांबवणे’, डिसेबलला ‘लावलेलं काढणे’ म्हणतो. मास्क तर दाराला कुलूपच: युनिट (स्क्रिप्ट कशी आणि कधी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) डेव्ह-नलला, म्हणजे लिनक्समधल्या कायम रिकाम्या फाइलीला, जोडलं जातं, मग कुणी हाताने चालू करायला गेलं तरी होत नाही.

टिपणांत जागाही सांगा. पॅकेजांबरोबर आलेल्या युनिट फाइली यूएसआर-लिबमधल्या सिस्टमडीच्या फोल्डरात असतात, तिथे हात घालू नये. आपण स्वतः लिहिलेल्या युनिट फाइली ईटीसीतल्या ‘सिस्टमडी/सिस्टम’मध्ये, आणि मूळ स्क्रिप्ट यूएसआर-लोकल-बिनमध्ये. युनिटमध्ये ‘इन्स्टॉल’ हा, कुठल्या टप्प्यावर उठवायचं ते सांगणारा, भाग लिहायला विसरलात तर लावून ठेवायला खुंटीच नाही, हे वाक्य मुलांना लगेच समजेल.

‘स्क्रिप्ट’चं ‘संहिता’ करू नका. दादर-माटुंग्याला संहिता म्हटलं की लोक नाटकाची तालीम कधी, असं विचारतील.