वय 46, पाय धनुष्यासारखे वाकलेले, गुडघा आतल्या बाजूला दुखतो. डॉक्टर हाड कापून सरळ करू म्हणतात. त्यापेक्षा सांधाच का बदलू नये?

झीज फक्त आतल्या बाजूला असेल, तर या वयात डॉक्टरांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

चपलेची एकच कड झिजते ना, तसंच आहे हे. पाय वाकडा असला की शरीराचा भार गुडघ्याच्या मधून न जाता आतल्या कडेवर पडतो. ऑस्टिओटॉमीत, म्हणजे हाड कापून सरळ करण्याच्या या शस्त्रक्रियेत, गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडाला आतून काप देतात. बाहेरची कड मात्र बिजागरीसारखी शाबूत ठेवतात. मग ती फट हळूहळू उघडायची, बऱ्याचदा जेमतेम 1 सेंटिमीटर, आणि प्लेट-स्क्रूने पक्की करायची. पुढे फटीत नवं हाड भरतं. भार बाहेरच्या, धड कूर्चेकडे, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाकडे सरकतो.

कृत्रिम सांधा कमी वयात बसवला तर पुढे तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त. इथे गुडघा तुमचाच राहतो. झालेली झीज काही भरून येत नाही म्हणा, पण गरज पडलीच तर सांधा नंतरही बदलता येतो.

कुबड्या साधारण 6 आठवडे, हाड नीट भरायला काही महिने. सिगारेट, तंबाखू, मशेरी आधीच बंद करा. हाड जुळायला उशीर होतो. आमवाताचा संधिवात असेल तर सहसा हा मार्ग नाही.

आणि हो, उभं राहून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढलाय का? कोन त्यावरच मोजतात. नुसत्या गुडघ्याच्या फोटोवर तारीख ठरवू नका.