तळं खोल करायच्या आधी पाणी जातंय कुठं ते बघा

नमस्कार मंडळी, रब्बीची काढणी उरकत आली की शेततळ्याचे प्रश्न सुरू होतात, या वेळी पण बरेच आलेत. त्यातला जालना जिल्ह्यातल्या अंबडकडच्या एका दादांचा प्रश्न आधी घेतो कारण निम्म्या लोकांची अडचण तीच आहे. दादा लिहितात, २०१८ ला २० बाय २० बाय ३ मीटरचं तळं अनुदानातून खोदलं, प्लास्टिक नाही, सप्टेंबर अखेर भरलेलं असतं पण संक्रांतीपर्यंत कोरडं पडतं, आता गावात पोकलेन आलंय तर तळ ५ मीटरपर्यंत खोल करून घेऊ का.

दादा, घाई करू नका. तुमचं तळं लहान आहे म्हणून आटतंय की गळतंय म्हणून आटतंय हे आधी कळायला पाहिजे, आणि ते बघायला एक रुपया लागत नाही. पुढच्या वेळी तळं भरलं की एका लाकडी पट्टीवर सेंटीमीटरच्या खुणा करून ती पाण्यात रोवा, मोटार बंद ठेवा, आज सकाळी सातला बघा, उद्या सातला बघा, असं आठ दिवस वहीत लिहा. थंडीत उन्हानं जाणारं पाणी दिवसाला अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास असतं. तेवढंच उतरत असेल तर तळं चांगलं आहे. पण रोज ३ सेंटीमीटर उतरत असेल तर हिशोब करा, ३ मीटर पाणी म्हणजे १०० दिवस, सप्टेंबर अखेरपासून १०० दिवस मोजले की आपण संक्रांतीच्या तोंडाशीच येतो. म्हणजे एक थेंब न वापरता सुद्धा तळं रिकामं! मला तुमच्या तळ्याचं हेच वाटतंय, पण माप घेतल्याशिवाय ठाम सांगणार नाही.

आता असं गळणारं तळं खोल केलं तर काय होईल. आपल्याकडं वर काळी माती आणि खाली मुरूम असतो, कुठं मीटरभर खाली तर कुठं दोन मीटरवर. तळाला पाच-सात वर्षांचा जो गाळ बसलाय त्यानंच थोडंफार पाणी धरलंय, पोकलेननं तो खरवडला आणि खालचा मुरूम उघडा पडला की पाणी आणखी जोरात जाणार. गाळ काढायचाच असेल तर काढा, शेतात पसरा, सोनं आहे ते, पण तळाशी अर्धा फूट राहू द्या.

आणि खोल करून मिळतंय किती ते पण बघा. २० बाय २० चं तळं, काठ १ ला १ उताराचे (म्हणजे १ मीटर खाली गेलं की काठ १ मीटर आत), तर तळ १४ बाय १४ उरतो आणि पाणी मावतं ८७६ घनमीटर म्हणजे ८ लाख ७६ हजार लिटर. तोच उतार धरून अजून २ मीटर खाली गेलात तर तळ १० बाय १० होतो आणि वाढतं फक्त २९० घनमीटर. उलट तेच तळं ३० बाय ३० केलं, खोली ३ मीटरच ठेवली, तर २१९६ घनमीटर मावतं, म्हणजे अडीच पट! काही जण उतार न सोडता सरळ उभं खोदून घेतात, तसं अजिबात करू नका, काळी माती फुगते, भेगाळते आणि काठ ढासळतो. खोल काळ्या मातीत तर उतार दीडचा धरा (१ मीटर खोलीला दीड मीटर आत), पाणी थोडं कमी मावेल पण तळं टिकेल.

पण रुंद करताना पण दोन गोष्टी विचारून बघा. एक, चांगल्या पावसात तुमचं तळं सांडव्यावरून, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेनं, वाहतं का? वाहत नसेल तर मोठं केलेलं तळं भरायचं कशानं? आपल्याकडं पाऊस धरा ६०० मिलीमीटर, त्यातलं १५ टक्के वाहून आलं तर हेक्टरी ९०० घनमीटर होतं, म्हणजे ३० बाय ३० च्या तळ्याला वरच्या अंगाला अडीच हेक्टर तरी रान पाहिजे ज्याचं पाणी तुमच्याकडं येतं. जालना तालुक्यातलं शेततळ्यांचं गाव कडवंची बघायला लोक जातात, तळी बघतात, फोटो काढतात, पण तिथं आधी पाणलोटाची, म्हणजे पावसाचं पाणी अडवायची जिरवायची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली, मग तळी आली, हे विचारून घ्यायचं राहूनच जातं. दुसरं, बांधासकट १५-१६ गुंठे जमीन अडकते, दोन एकरवाल्यानं याचा विचार करूनच मशीन लावावं.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तळं गळतंय पण खालच्या अंगाची तुमचीच विहीर फेब्रुवारीत आधीपेक्षा जास्त चालते का? चालत असेल तर ते पाणी वाया गेलेलं नाही दादा, विहिरीत साठलंय, उन्हापासून लांब. मग तळ्याला हातच लावू नका.

विहिरीला पण फायदा नाही आणि माप ३ सेंटीमीटरच येतंय, तर अस्तर, म्हणजे तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरणं, हा उपाय. कागद ५०० मायक्रॉन जाडीचा, आयएसआय मार्कचा घ्या, ३० बाय ३० ला काठावरच्या चरात गाडायचा भाग धरून साधारण १२०० चौरस मीटर लागतो. कोणी कमी भाव सांगून पातळ कागद देत असेल तर घेऊ नका, अंथरायच्या आधी दगड, खुंट, लव्हाळा सगळं वेचून काढा. पाणी आत येतं तिथं २ बाय २ बाय १ मीटरचा गाळखड्डा करा म्हणजे गाळ तिथंच बसेल.

अनुदानाचं थोडक्यात: वैयक्तिक शेततळ्याला ७५ हजारापर्यंत मिळतं, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, कोकण सोडून किमान ०.४० हेक्टर जमीन पाहिजे, पण आधी कुठल्याही योजनेतून शेततळ्याचा लाभ घेतला असेल तर परत मिळत नाही. म्हणजे दादा, तुमचं वाढीव काम खिशातूनच होईल. नवीन अर्ज करणाऱ्यांनी पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खोदकाम सुरू करू नये. ओढ्या-नाल्याच्या पात्रात तळं घेऊ नका. निघालेला मुरूम शेताबाहेर द्यायचा असेल तर आधी तहसीलला विचारा.

एका भाऊंनी विचारलंय की बोअरचं पाणी नोव्हेंबरपासून तळ्यात साठवून उन्हाळ्यात मोसंबीला द्यावं का. लाईट रात्रीची असते म्हणून दोन-चार दिवसांचं पाणी साठवणं समजू शकतो. पण महिनोन्महिने नको. उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलीमीटर जरी उडालं तरी ३० बाय ३० च्या भरलेल्या तळ्यातून रोज ६३०० लिटर जातं, दोन दिवसांत टँकरभर. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं, त्यात शेजाऱ्याची विहीर पण खाली जाते. तळं पावसाच्या वाहत्या पाण्यानंच भरा, आणि मोसंबीला ठिबक, आच्छादन करा.

बदनापूरकडच्या एका ताईंनी लिहिलंय की शेजारच्या प्लास्टिकच्या तळ्यावर पोरं खेळतात, भीती वाटते. ताई, भीती अगदी खरी आहे. ओल्या कागदावर शेवाळ धरतं, पोहता येणारा मोठा माणूस सुद्धा वर चढू शकत नाही, वाचवायला उडी मारणारा पण अडकतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि प्रत्येक वेळी वाटतं की एक दोर असता तर. म्हणून माझी सगळ्यांना हात जोडून विनंती, चारी बाजूंना काठावर खांब रोवून हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉन दोर तळापर्यंत सोडा, उन्हानं कुजतो म्हणून दरवर्षी बदला. दोन ट्यूब हवा भरून पाण्यातच बांधून ठेवा. तारेचं कुंपण आणि कडी असलेलं फाटक करा. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) साफ करायला एकट्यानं उतरू नका, कमरेला दोर बांधा आणि वर माणूस उभा ठेवा. ताई, शेजाऱ्यांना हे दाखवा, ऐकलं नाही तर गाव आणि गट नंबर कळवा, मी स्वतः जाऊन बोलतो.

अंबडच्या दादांनी आठ दिवसांचं माप, सांडवा वाहतो का, आणि विहिरीचं पाणी, एवढं लिहून पाठवावं. पोकलेनवाल्याला तोपर्यंत थांबायला सांगा.