जर-तरचं इंग्रजी: ‘असतं’ दोन्हीकडे, ‘वुड’ एकीकडेच

प्रश्न असा आला आहे. ‘माझ्याकडे वेळ असता तर मी तुला मदत केली असती’ या वाक्याचं इंग्रजी विचारणाऱ्यानं ‘इफ आय वुड हॅव टाइम, आय वुड हॅव हेल्प्ड यू’ असं केलं. ते चूक ठरलं, पण दुरुस्त करणाऱ्या दोघांनी दोन वेगळी वाक्यं दिली. एकानं सांगितलं, ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प यू’. दुसऱ्यानं सांगितलं, ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव हेल्प्ड यू’. यातलं खरं कोणतं? ‘हॅड हॅड’ ही छपाईची चूक तर नाही? आणि ‘इफ आय वर यू’मध्ये ‘आय’ला ‘वर’ कसं काय चालतं?

दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. गोम मूळ मराठी वाक्यात आहे. ‘वेळ असता तर मदत केली असती’ हे मी आत्ता, तुमच्यासमोर बसूनही म्हणू शकतो आणि गेल्या वर्षीच्या प्रसंगाबद्दलही म्हणू शकतो. रूप एकच. आत्ताचं की तेव्हाचं, हे मराठी ऐकणाऱ्यावर सोपवते, फारच गरज पडली तर एखादं ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घालते. इंग्रजी ते सोपवत नाही. तिथे काळ क्रियापदातच सांगावा लागतो. आत्ताची गोष्ट असेल तर ‘हॅड... वुड हेल्प’, होऊन गेलेली असेल तर ‘हॅड हॅड... वुड हॅव हेल्प्ड’.

थोडं आणखी जवळून पाहिलं तर ही पंचाईत मराठीत ‘असणे’ या क्रियापदाशी सगळ्यात जास्त होते. इतर क्रियापदांत आपल्यालाही फरक दाखवता येतो: ‘मला पोहता येत असतं तर’ म्हटलं की आजची स्थिती कळते, ‘तो वेळेवर पोहोचला असता तर’ म्हटलं की झालेली गोष्ट कळते. ‘असणे’ला ती सोय नाही. ‘वेळ असला असता’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून ‘वेळ असता’, ‘पैसे असते’, ‘ओळख असती’ अशी वाक्यं इंग्रजीत नेताना हमखास घोटाळा होतो. आणि निकालाच्या बाजूला तर ‘केली असती’ हे एकच रूप दोन्ही कामं करतं, त्यामुळे मराठी माणसाची लेखणी आत्ताच्या गोष्टीलाही ‘वुड हॅव हेल्प्ड’कडेच वळते. ‘केली असती’ शब्दाला शब्द लावून उतरवलं की ‘वुड हॅव’ हातात येतं, त्यात नवल नाही.

पहिल्या अर्ध्या भागातला ‘वुड’ कुठून आला? तोही मराठीतूनच. आपलं संकेतार्थाचं वाक्य तराजूसारखं आहे, दोन्ही पारड्यांत सारखंच वजन: ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.’ इकडेही ‘असतं’, तिकडेही ‘असतो’. शाळेत पाठ केलेलं ‘पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं’ हे वाक्यही तसंच. इंग्रजीत ही जोडी नाही. ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ अटीच्या बाजूला फक्त काळ एक पायरी मागे जातो आणि ‘वुड’ एकट्या निकालाच्या बाजूला बसतो. अट काल्पनिक आहे हे ‘इफ’ आणि मागे सरकलेला काळ मिळून सांगतातच, तिथे ‘वुड’ला काम उरत नाही. माझ्या मते मराठी माणसानं या प्रकरणात एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ती ही: ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ नको.

अमेरिकी बोलण्यात ‘इफ आय वुड हॅव नोन’ ऐकू येतं, त्यामुळे कुणी तसा दाखला दिला तर तो खोटा नाही. लिखाणात मात्र ते अजून अशुद्धच समजतात, परीक्षेत तर लिहूच नये. आणि ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ हे पूर्ण शुद्ध आहे, पण तिथला ‘वुड’ कल्पनेचा नाही, तयारीचा आहे: ‘जरा थांबाल का’ या अर्थाचा.

आता मूळ कोड्याकडे येऊ. गोष्ट आत्ताची, मग क्रियापद भूतकाळी का? ‘हॅड टाइम’ म्हणजे ‘वेळ होता’ ना? इथे भूतकाळाचं काम वेळ सांगण्याचं नसून अंतर दाखवण्याचं आहे. बोलणारा वास्तवापासून एक पाऊल मागे सरकून बोलतो. हे मराठीला परकं आहे असं समजू नका. कुणाकडे काम घेऊन गेल्यावर आपण ‘जरा काम होतं तुमच्याकडे’ म्हणतो. काम आत्ता आहे, तरी ‘होतं’. ‘एक विचारायचं होतं’ हेही तसंच. तिथे आपण अदबीसाठी अंतर ठेवतो. इंग्रजीही ‘आय वॉन्टेड टू आस्क’ म्हणून अदबीसाठी तेच करते आणि कल्पनेसाठीही तेच करते.

शिवाय ‘उद्या पाऊस आला तर’ म्हणताना आपण ‘उद्या’च्या शेजारी ‘आला’ हे भूतकाळी रूप बिनदिक्कत ठेवतोच. इथेच दुसरा खड्डा आहे. ‘तो आला तर त्याला सांग’ हे साधं, शक्य असलेलं वाक्य आहे, त्याचं इंग्रजी ‘इफ ही कम्स, टेल हिम’. ‘आला’ पाहून ‘इफ ही केम’ लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, तो येणं जवळजवळ अशक्य आहे. ‘येईल’ मनात ठेवून ‘इफ ही विल कम’ लिहिणं ही याच खड्ड्याची दुसरी कड. ‘उद्या मला बक्षीस लागलं तर’ या वाक्यात आशा किती आणि थट्टा किती, हे मराठीत क्रियापदावरून कळत नाही. आपण ‘समजा’ आणि ‘च’ वापरतो: ‘समजा, लागलंच उद्या बक्षीस तर...’ इंग्रजीत तोच फरक ‘इफ आय विन’ आणि ‘इफ आय वन’ एवढ्यावर भागतो.

एक फरक मात्र मराठी अतिशय चोख दाखवते. ‘काल मी तोडून बोललो असेन तर माफ कर’ आणि ‘काल मी तोडून बोललो असतो तर तू गप्प बसला नसतास’. पहिल्यात ‘असेन’ आहे, म्हणजे बोललोही असेन, खात्री नाही. दुसऱ्यात ‘असतो’ आहे, म्हणजे बोललो नाही हे नक्की. इंग्रजीत पहिलं ‘इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय अपॉलोजाइज’ असं होतं. इथला ‘वॉज’ खराखुरा भूतकाळ आहे, त्याला कल्पनेचा भूतकाळ समजून ‘वर’ करायला जाऊ नये. दुसरं ‘इफ आय हॅड बीन रूड’ असं सुरू होतं. तेव्हा इंग्रजी वाक्य रचण्याआधी मराठीत ‘असेन-असेल’ बसतं की ‘असतो-असता’ हे म्हणून पाहावं. ‘असेल’ बसलं तर अट खुली आहे, काळ मागे ढकलायचा नाही. ‘असता’ बसलं तरच ढकलायचा.

इथे ‘मी’ फसवू शकतो, एवढं लक्षात असू द्या. ‘तो घरी असतो’ म्हणजे रोजची सवय आणि ‘तो घरी असता तर’ म्हणजे कल्पना, दोन रूपं वेगळी. ‘तू असतोस’ आणि ‘तू असतास’, ‘ती असते’ आणि ‘ती असती’ हेही वेगळं. पण ‘मी घरी असतो’ सवयीतही तेच आणि ‘मी घरी असतो तर’ कल्पनेतही तेच. शंका आली की वाक्यातल्या ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहा, लगेच उलगडा होतो.

पाठ्यपुस्तकांत या वाक्यांना शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतात आणि मग ‘मिश्र’ नावाचा आणखी एक कप्पा काढावा लागतो. मला ही क्रमवारी फारशी भावत नाही. विद्यार्थी क्रमांक आठवत बसतो आणि अर्थ निसटतो. त्यापेक्षा मराठी वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळं विचारावं: हे आत्ताचं की तेव्हाचं? ‘पृथ्वीचा आस २३.५ अंशांनी कललेला नसता तर ऋतू झाले नसते.’ आस आजही कललेला आहे, ऋतू आजही होतात, दोन्ही अर्ध्यांना ‘आत्ता’. म्हणून ‘इफ दि अर्थ्स ॲक्सिस वर नॉट टिल्टेड, देअर वुड बी नो सीझन्स’. ‘झाले नसते’ला भुलून ‘वुड हॅव बीन’ लिहायचं नाही. याउलट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर एक मोठा लघुग्रह आदळला. ‘तो चुकला असता तर डायनोसॉर कदाचित वाचले असते.’ दोन्ही अर्धे ‘तेव्हा’: ‘इफ दि ॲस्टेरॉइड हॅड मिस्ड, द डायनोसॉर्स माइट हॅव सर्व्हाइव्ड’. ‘कदाचित’ होतं म्हणून ‘वुड’च्या जागी ‘माइट’ आला. ‘वाचू शकले असते’ म्हणायचं असतं तर ‘कुड’ आला असता.

आणि ‘काल औषध घेतलं असतंस तर आज ठणठणीत असतास’? पहिला अर्धा तेव्हाचा, दुसरा आत्ताचा. ‘इफ यू हॅड टेकन द मेडिसिन यस्टरडे, यू वुड बी फाइन टुडे.’ हेच ते भीतीदायक ‘मिश्र’ वाक्य. प्रत्येक अर्धा आपापल्या काळाला इमान राखतो, एवढंच त्याचं रहस्य.

‘हॅड हॅड’ चूक नाही. पहिला ‘हॅड’ सहायक, काळ मागे नेणारा. दुसरा मुख्य क्रियापद, ‘जवळ असणे’ या अर्थाचा. ‘हॅड टोल्ड’, ‘हॅड सीन’ जसं, तसंच ‘हॅड हॅड’. डोळ्याला खुपतं म्हणून एक गाळलात तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण अर्धा भाग आत्ताचा आणि अर्धा तेव्हाचा होऊन बसतो.

‘इफ आय वर यू’ हा जुन्या इंग्रजीचा अवशेष आहे. एकेकाळी कल्पनेच्या वाक्यांसाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. भूतकाळातली ती रूपं साध्या भूतकाळात मिसळून गेली, ‘टू बी’चं ‘वर’ तेवढं वेगळं ओळखू येण्याजोगं उरलं. म्हणून ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ सगळ्यांना ते लागतं. बोलण्यात ‘इफ आय वॉज रिच’ सर्रास चालतं. त्याला चूक म्हणणारे आहेत, मी म्हणणार नाही. पण सल्ला देताना, ‘तुझ्या जागी मी असतो तर’ या अर्थी ‘इफ आय वर यू’च म्हणावं, ते ठरून गेलेलं आहे. औपचारिक लिखाणातही ‘वर’च बरं दिसतं.

‘जर’ आणि ‘तर’बद्दल जाता जाता. मराठीत ‘जर’ गाळता येतं, ‘तर’ सहसा राहतं. इंग्रजीत नेमकं उलटं: ‘इफ’ ठेवतात आणि ‘देन’ बहुतेकदा गाळतात. प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालणं चूक नाही, पण गणिताच्या सिद्धतेसारखं वाटतं. आपण रागात ‘सांगितलं असतंस, आलो असतो’ असं दोन्ही गाळूनही बोलतो. इंग्रजी ‘इफ’ गाळते तेव्हा ‘हॅड’ उचलून पुढे आणते: ‘हॅड यू टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ हे पुस्तकी आहे, वाचताना ओळखू आलं तरी पुरे.

ऐकताना मात्र एका गोष्टीनं गोंधळ होईल. बोलण्यात ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम.’ पहिला ‘आयड’ म्हणजे ‘आय हॅड’, दुसरा ‘आय वुड’. ओळखायचं पुढच्या शब्दावरून: ‘ड’नंतर ‘नोन’, ‘सीन’, ‘टोल्ड’ असं रूप आलं तर ‘हॅड’, आणि ‘हॅव’ किंवा ‘गो’, ‘हेल्प’ असं मूळ रूप आलं तर ‘वुड’. अडचण येते ती ‘कम’, ‘पुट’, ‘कट’ यांच्याशी, कारण त्यांची दोन्ही रूपं सारखीच. तिथे वाक्याची कोणती बाजू चालू आहे ते पाहावं लागतं: ‘इफ’ची असेल तर ‘हॅड’, निकालाची असेल तर ‘वुड’.