स्पर किती लांब आहे ते आधी सांग

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला त्या ऑर्किडचे तुझे फोटो आले आणि माझी झोप गेली ती गेलीच. चौदा फोटो, खाली एकच ओळ, "सर ही सह्याद्रीच्या घाटातली हबेनारिया आहे ना, खानदेशात कुठेच नोंद नाही!!!" तीन उद्गारचिन्हं पाहूनच समजलं की तू अजून डोंगर उतरलेली नाहीस, मनाने तरी.

आधी शाबासकी घे. श्रावणात सातपुड्यात चढून, पाय घसरत, गवतात वाकून वाकून बघत जाणं आमच्या वेळी कोणी करत नव्हतं आणि आत्ताही फार कोणी करत नाही. (कोणता डोंगर ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे सांगतो.)

आता बोलणी खा. फोटो लग्नाच्या अल्बमसारखे आलेत, मागचं बहुतेक सगळं धूसर, फूल समोरून झक्कास, पाकळीवर थेंबसुद्धा. पण चौदापैकी एकातही स्पर, म्हणजे फुलामागची ती नळी, दिसत नाही. अगं, हबेनारिया हा ऑर्किडचा केवढा मोठा गट, जगात त्याच्या आठशेच्या वर जाती आहेत, नुसता चेहरा बघून कोण कुणाचा ते कसं सांगणार? फुलाच्या मागे जी बारीक नळी लोंबते, ज्यात मध असतो, ती किती मिलिमीटर? फुलाच्या दांड्यासारखा दिसणारा जो पिळलेला भाग आहे तो खरं म्हणजे बीजांडकोश, स्पर त्याच्यापेक्षा लांब की आखूड? टोकाशी फुगीर की एकसारखी? ओठाचे, म्हणजे त्या वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीचे, तीन भाग पडलेत का, आणि बाजूचे दोन मधल्यापेक्षा लांब आहेत का? पानं जमिनीला चिकटलेली की दांड्यावर चढत गेलेली? एवढं सांगितलंस तर मी नाव घ्यायला तोंड उघडेन, तोवर ती नुसती "हबेनारिया, जात माहीत नाही" अशीच वहीत राहू दे, त्यात काही कमीपणा नाही.

कंपासमधली प्लॅस्टिकची पट्टी ने. वारा असतो, फूल हलतं, मग एका हाताने दांडा खालून हलकेच धरायचा, पट्टी फुलाच्या मागे उभी लावायची आणि दुसऱ्या कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगायचं. एकाच झाडाचं मोजून थांबू नकोस, पाच-सहा झाडांची मापं घे. वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्यावर एकच फूल तोडून सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाक, कारण ऑर्किडचं फूल दाबून वाळवलं की त्याचा चहाच्या चोथ्यासारखा रंग होतो आणि आतला खांब (नर-मादी भाग जुळून झालेला), परागपिंड (परागकणांचे गोळे) काही म्हणजे काही कळत नाही. मी हे अनुभवाने सांगतोय. तरुणपणी एक नमुना मी भर पावसाळ्यात वर्तमानपत्रात दाबला, आळसाने चार दिवस कागद बदलला नाही, उघडला तर बुरशीची गोधडी. ती नोंद गेली माझी.

आता "खानदेशात नोंद नाही" याबद्दल. थिओडोर कुकसाहेबाने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या झाडांचं पुस्तक काढलं, १९६६ ला सांतापाव आणि कापडिया यांचं ऑर्किडवरचं आलं, ती दोन्ही बघ, मग जिल्ह्यांच्या फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची पुस्तकं बघ, मग हर्बेरियममधल्या, वाळवलेल्या नमुन्यांच्या शीट बघ. नाव बदललेलं असतं, जुन्या नावाखाली आपलीच वनस्पती कपाटात पन्नास वर्षं पडून असते. आणि तरीही नाही सापडली तर? तर खरी गोष्ट सांगतो, जरा लाज वाटते सांगायला. आमच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सहली डिसेंबरात जायच्या. हवा छान, रस्ते कोरडे, पोरांच्या परीक्षा नाहीत. आणि डिसेंबरात या आमऱ्या, म्हणजे हे ऑर्किड, कुठे असतात? जमिनीखाली, कंद होऊन, वर एक पानसुद्धा नाही! वीस वर्षं मी त्याच पठारावरून पोरं फिरवली, त्या कंदांच्या डोक्यावरून बूट घालून चाललो असेन आणि परत येऊन लिहिलं की इथे ऑर्किड फारसे नाहीत. नकाशावरची ती रिकामी जागा झाडाची नाही पोरी, आमची आहे.

म्हणून "घाटातून इथे आली" असं लिहू नकोस. कदाचित ती कायमची इथलीच असेल. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, वाऱ्यावर कुठल्या कुठे जातं हे खरं, पण त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं, योग्य ती बुरशी मातीत भेटली तरच रुजतं, त्यामुळे उडणं सोपं आणि टिकणं अवघड. शिवाय सातपुडा म्हणजे काही एकटं बेट नाही, नैर्ऋत्येला गुजरातचा डांग, पूर्वेला मेळघाट. १९४० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी माशांवरून मांडलंच होतं की पूर्वेकडचे जीव सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत उतरले असावेत. त्यावर वाद पुष्कळ झाले, ते वाच, पण तुझ्या एका फुलावरून त्यात उडी घेऊ नकोस.

पेपरवाल्याला सांगू नकोस. "दुर्मिळ ऑर्किडने खानदेशचं नाव उंचावलं" असं छापून येतं, खाली गावाचं नाव, पाड्याचं नाव, आणि पुढच्या रविवारी गाड्या. माझ्या हातून झालंय हे. एका वर्गाला मी अमरकंदाची, तोही एक ऑर्किडच, जागा दाखवली, कौतुकाने, हा कंद खातात, औषधाला नेतात, बाजारात जातो, सगळं रसभरीत सांगितलं. पुढच्या आषाढात गेलो तर झाडांच्या जागी खड्डे, पहारीने काढलेले, सहा मोजले, प्रत्येकात पावसाचं पाणी भरलेलं आणि एकात बेडूक. कोणी काढले ते मला कधी कळलं नाही. जागा मात्र मीच सांगितली होती.

तेव्हा जीपीएसचे आकडे, उंची, दगड कसा, माती किती बोटं, आजूबाजूला कोणतं गवत, एकूण किती झाडं, फुललेली किती, हे सगळं वहीत अगदी बारीक. हर्बेरियमच्या शीटसोबत पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे खरे आकडे जाऊ देत, पन्नास वर्षांनी कोणाला तरी तिथे पोचायचंय. पण आयनॅचरलिस्टवर, त्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकशील तेव्हा लोकेशन झाक आणि फोटोत मागचा ओळखू येणारा कडा येऊ देऊ नकोस. तुझ्या सहाव्या फोटोत आलाय. मी तो पाहून जागा ओळखली, म्हणजे दुसराही ओळखेल.

आणि कुंडीत आणायचा विचार चुकूनही नको. बुरशी तिथल्या मातीत राहते, कुंडीत येतो तो नुसता कंद आणि तोही बहुधा सडतो. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात जा. एकही झाड दिसलं नाही तरी रडू नकोस, काही वर्षी कंद वर येतच नाहीत, तिसऱ्या वर्षी परत जा.

एक राहिलं. तू लिहिलंयस की गुरं चारणाऱ्या आजींनी वाट दाखवली आणि त्यांनी फूल बघून काहीतरी नाव घेतलं, "नीट ऐकू आलं नाही" म्हणे. चौदा फोटो काढायला वेळ होता ना? परत जाशील तेव्हा आजींजवळ बस, ते नाव दोनदा म्हणवून घे, जसं ऐकलं तसं लिही, ती कोणत्या महिन्यात दिसते, गुरं खातात का, पूर्वी जास्त होती का, तेही विचार. आणि टिपण लिहिशील तेव्हा त्यांना विचारून त्यांचं नाव टाक, "स्थानिकांच्या मदतीने" असलं काहीतरी नको.

फुलं अजून आठ-दहा दिवस टिकतील असं वाटतं, म्हणून या शनिवारची पहिली एसटी पकड, मैत्रिणीला सोबत घे, कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधून ने, वर काही मिळत नाही. मापं मिळाली की फोन कर. नऊच्या नंतर कर, सकाळी मी केळीच्या बागेत असतो आणि तिथे रेंज नसते.

तुझा,
सर

ता. क. पट्टी विसरलीस तर काडेपेटीची काडी शेजारी धरून फोटो काढ आणि ती काडी घरी घेऊन ये, मग मोजू.