मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची चित्रं यांवर घर चालवायचं तर काय सांभाळावं?

चित्र कायमचं विकू नका, वापराची परवानगी द्या, तीही लेखी. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ तुमच्या बाजूचं आहे: हक्क लेखीच हस्तांतरित होतात, करारात मुदत नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. कोटेशनमध्येच लिहा:

- फक्त पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ
- ई-बुक, पोस्टर, टी-शर्टचे पैसे वेगळे
- अर्धी रक्कम आगाऊ

आणि ईमेलवर होकार आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका, संपादक कितीही ओळखीचे असोत. हक्क तुमच्याकडे राहिले की तेच चित्र पुढे कॅलेंडरलाही देता येतं. मात्र पगारी नोकरीचं काम म्हणून काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचंच ठरतं.