समाधान कोणाचं झालं?

अंधेरीत छोटा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: यंत्रासाठी काढलेलं कंपनीचं कर्ज फिटलं, तर सीएने 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज'चा फॉर्म भरायला लावला. मुलाने त्याचं मराठी केलं 'शुल्काचे समाधान'. हे बरोबर का? आणि समाधान नेमकं कोणाचं झालं?

बरोबर नाही. पण पोराचा दोष नाही. 'आपल्या समस्येचे समाधान केले जाईल' हे फोनवर दिवसातून तीनदा ऐकू येतं. अहो, समस्येचं निवारण होतं, समाधान माणसाचं होतं! हिंदीत समाधान म्हणजे तोडगा, तो तिथेच शोभतो. ('शंकासमाधान' आहे ना, असं कोणी म्हणेलच. तो शास्त्रार्थातला जुना शब्द, कॉल सेंटरचा नव्हे.)

सॅटिस्फॅक्शनचा मन भरण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. लॅटिनमध्ये 'सातिस' म्हणजे पुरेसं आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. पुरेसं कोणासाठी? तर ज्याचं देणं आहे त्याच्यासाठी. द्वंद्वाला बोलावणारा युरोपातला सरदार सॅटिस्फॅक्शन मागायचा, ते अब्रूचं देणं. 'ॲसेट'ही याच 'सातिस'मधून फ्रेंचमार्गे आला: देणी भागवायला पुरेल एवढी मालमत्ता. आणि गंमत म्हणजे 'सॅड'सुद्धा याच गोतातला! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोट भरलेला. भरला, जडावला, कंटाळला आणि शेवटी दुःखी झाला. होळीला चौथी पुरणपोळी खाल्लेल्या माणसाचा दुपारी तीनचा चेहरा आठवा.

आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक 'सातिस' आणि 'संतोष' एकच म्हणून व्याख्यानांतून ठोकून देतात. संतोष म्हणजे सम् अधिक तुष्. 'सं' हा उपसर्ग आहे हो! तो बाजूला केला की उरतो 'तोष', त्याचं 'सातिस'शी काय नातं? नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवायची तर सांताक्रूझही संतांचंच गाव ठरेल.

खरा जोडीदार आपल्या घरातच आहे: फिटणे. कर्ज फिटतं, नवस फिटतो, आईचे पांग फिटतात. आणि हौसही फिटते, डोळ्यांचं पारणंही फिटतं. देणं आणि मन, दोन्हींना एकच क्रियापद. दादरला शिवाजी मंदिरातून चांगलं नाटक बघून बाहेर पडणारी माणसं 'समाधान झालं' म्हणत नाहीत, 'पैसे फिटले' म्हणतात. माझं तर मत आहे की फिटणे मुळात गाठ सुटण्याचं, कासोटा फिटतो तसं. कर्ज ही गाठ, अपुरी इच्छा हीसुद्धा गाठ. कोशवाले हे अर्थ एकाखाली एक मांडतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात, याचा मला राग येतो.

हां, तुमचा फॉर्म. तिथला 'चार्ज' म्हणजे शुल्क नव्हे. सातबाऱ्यावर चढतो तो बोजा. तेव्हा 'बोजा फिटल्याची नोंद' म्हणा. कंपनी कायदा २०१३, कलम ८२, फॉर्म सीएचजी-४. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत भरायचा असतो, उशीर झाला तर जादा फी पडते.