कर्जही सँक्शन्ड, टँकरही सँक्शन्ड!

प्रश्न : ताई, मुलाच्या घरकर्जाचं पत्र आलं, वर ठळक अक्षरांत ‘लोन सँक्शन्ड’. आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात इंग्रजी पेपरात ‘सँक्शन्ड टँकर’ची बातमी वाचली, आणि त्या टँकरला तर कुठल्या बंदरात घेईनात! कर्ज मंजूर आणि जहाज वाळीत, दोन्हींना एकच शब्द? ओळखायचं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेढे सुखाने खा, कर्ज मंजूरच आहे. आणि टँकरही खरोखर वाळीत टाकलेलाच आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात होते, त्यामुळे माझ्या कानांना हा शब्द गोडच लागतो. रजा सँक्शन, ओव्हरड्राफ्ट सँक्शन, प्रवासभत्ता सँक्शन. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लावले, तेव्हा आमच्या शाखेतल्या शिपायाने मोठ्या उत्सुकतेने विचारलं, ‘‘मॅडम, किती कोटी सँक्शन केले हो?’’ त्याचं काय चुकलं? आमच्याकडे सँक्शन म्हणजे पैसे येणार, एवढंच ठाऊक.

लॅटिनमधला ‘सँक्टिओ’ म्हणजे कायद्याचं ते कलम, ज्यात कायदा मोडणाऱ्याला काय शिक्षा हे सांगितलेलं असे. संताला इंग्रजीत ‘सेंट’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. जे पवित्र ते मोडायचं नाही, हा भाव दोन्हीकडे आहे. कायद्याला जोर दोन बाजूंनी येतो, वरून मिळालेल्या मान्यतेने आणि मागे उभ्या असलेल्या दंडाने. शब्दाने दोन्ही बाजू धरून ठेवल्या. १७१३ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचं राज्य मुलीकडेही जाऊ शकेल असं फर्मान काढलं. त्याचं नाव ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’. तिथे ना कर्ज, ना बंदी. नुसता राजाचा हुकूम.

आता ओळखण्याचं. नाम अनेकवचनी असेल, ‘सँक्शन्स’, तर जवळजवळ नेहमी निर्बंध. १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) चढाई केल्यावर राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, लावले ते सँक्शन्सच (तेल त्यातून वगळलं होतं, म्हणजे मुसोलिनीचे रणगाडे चालूच राहिले!). वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये कायदा करून लावले, तेही तेच. भारताने तिच्याशी व्यापार त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्येच तोडला होता.

क्रियापद असेल तर मागोमाग काय येतं ते बघा. काम, रक्कम, योजना, पद आलं तर मंजुरी. माणूस, देश, कंपनी किंवा जहाज आलं तर दणका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना सँक्शन केलं, म्हणजे ५,००० डॉलर दंड ठोठावला. शिक्षेच्या अर्थाचं हे क्रियापद मात्र बरंच अलीकडचं, विसाव्या शतकातलं.

भले भले फसतात ते भ्रष्टाचाराच्या बातम्यांत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमानुसार सरकारी नोकरावर खटला भरण्याआधी सरकारची ‘सँक्शन’ लागते. म्हणून ‘अमुक अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन मिळाली’ याचा अर्थ त्याला शिक्षा झाली असा नाही, खटला चालवायला परवानगी मिळाली एवढाच. अनुवादाच्या वर्गात मुलं इथे हमखास ‘निर्बंध’ लिहितात आणि मी हमखास लाल शाई उघडते.

मराठीने हा घोळ ठेवलाच नाही. आपल्या विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असतो, सरकारी तक्त्यात ‘मंजूर पदे’ असतात, आणि रशियावर ‘निर्बंध’. इंग्रजीत लिहिताना शंका आली तर मी सरळ ‘अप्रूव्ह्ड’ लिहिते. ‘सरकारने संप सँक्शन केला’ असं वाक्य वाचून संपवाल्यांनी गुलाल उधळायचा की वकील गाठायचा?

आणि तुमच्या मुलाला सांगा, सँक्शन लेटर आलं म्हणजे पैसे आले नाहीत. त्या पत्राला मुदत असते, आणि अटी मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. व्याजदर स्थिर आहे की बदलता, प्रक्रिया शुल्क किती, मूळ कागदपत्रं कोणती जमा करायची, हे वाचूनच सही करायला लावा. रक्कम हातात पडते ती डिस्बर्समेंटला, म्हणजे बँक प्रत्यक्ष पैसे देते तेव्हा. पेढ्यांचा दुसरा बॉक्स तेव्हा आणा.